बर्कलीचं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग: 'सोबत कोण आलंय?' असं कुणी विचारलंच नाही

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मिसळीचा नाही, हॉटेलचा नाही, शेवटी डिस्काउंट कोड पण नाही. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडं बर्कली नावाचं गाव आहे, तिथं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणून एक ऑफिस आहे, अपंगांना स्वतःच्या मर्जीनं जगायला मदत करणारं, नुसतं सीआयएल म्हणतात. मी उन्हाळ्यात तिथं जाऊन आले आणि परत आल्यापासून आमच्या व्हीलचेअरवाल्या ग्रुपमधले सगळे विचारतायत कसं आहे, काय आहे, आपल्याकडं होईल का, व्हॉइस मेसेज करून करून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते येईल खाली.

माझं थोडक्यात सांगते. कोल्हापूरची, टी-१० पॅराप्लेजिक, म्हणजे बेंबीपासून खाली सगळं बंद. चौदा वर्षांपूर्वी हायवेला ॲक्टिव्हावरून पडले. घरून जीएसटीचे रिटर्न भरते, पस्तीसेक दुकानदार आहेत माझ्याकडं, पैसे बरे मिळतात, घराचं लाईटबिल, गॅस, बाबांची औषधं सगळं माझ्या अकाउंटवरून जातं. पण घराबाहेर पडलं की मला कुणी काही विचारत नाही. साडीच्या दुकानात 'ताईंना कुठला रंग आवडतो?' हे आईला. बँकेत 'यांना सही येते का?' हे बाबांना (मी त्याच बँकेत तीन दुकानदारांची चालू खाती उघडून दिली आहेत, असो). दवाखान्यात तर मी तोंड उघडायच्या आत 'सोबत कोण आलंय?' ठरलेलं. एका डॉक्टरांनी माझ्या लघवीची चौकशी माझ्या भावाकडं केली होती, तो बिचारा कानापर्यंत लाल. चौदा वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी विचारायच्या आधीच मी आईकडं बोट दाखवते. सवय लागते हो.

दादा-वहिनी कॅलिफोर्नियातच, फ्रीमाँटला असतात. तीन महिने बोलावलं. प्रवासाचं लिहीत नाही, मधल्या एका एअरपोर्टवर मला कोपऱ्यात लावून दोन तास विसरले होते आणि उतरल्यावर माझं कुशन मिळालं नाही, एअरलाइनचं नाव घेत नाही, पण जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कुशन खुर्चीसोबत सामानात टाकायला देऊ नका, मांडीवर घेऊन विमानात चढा. कुशनशिवाय बसून बेडसोर, म्हणजे दाबानं जखम, झाला तर अमेरिकेत खिसा फाटेल.

तर फ्रीमाँटहून ॲशबी स्टेशनला बार्ट नावाची लोकल थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही, पाऊण तास धरा. दादा म्हणाला सुट्टी काढतो, वहिनी म्हणाल्या मी येते, आणि मी पहिल्यांदाच म्हटलं की नको, मी एकटी जाते. घरात शांतता. कोल्हापुरात मी एकटी कोपऱ्यावरच्या मेडिकलला पण गेले नाहीये अपघातानंतर, कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गटारीवरची फरशी वर आलेली आहे, तिथं पुढचं चाक अडकतं म्हणजे अडकतंच. इथं प्लॅटफॉर्म आणि डबा एका लेव्हलला, व्हीलचेअरची जागा राखीव, गाडीत बसले आणि शेजारचा माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विश्वास ठेवा, मला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं.

ॲशबी स्टेशनातूनच थेट बिल्डिंगमध्ये जाता येतं, रस्ता ओलांडायची पण गरज नाही. बिल्डिंगचं नाव एड रॉबर्ट्स कॅम्पस, २०१० च्या आसपास सुरू झाली, सीआयएलसोबत अपंगांच्या इतर बऱ्याच संस्था एकाच छताखाली आहेत. आत शिरलं की समोर मोठा गोल लाल रॅम्प, वरच्या मजल्यापर्यंत वळसा घेत जातो, वरून काचेतून उजेड पडतो. आपल्याकडं रॅम्प म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहितीये, मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, घसरगुंडीसारखा उभा, वर एक मोटरसायकल लावलेली. इथं रॅम्प हाच बिल्डिंगचा दिवाणखाना. दोन खुर्च्या शेजारी शेजारी गप्पा मारत वर जातील एवढी रुंदी. आणि उतार इतका हलका की मी मॅन्युअल खुर्चीनं न थांबता वर गेले, वर पोचल्यावर परत खाली आले आणि परत वर गेले. लहान पोरं सरकत्या जिन्यावर करतात तसं. एक बाई हसली, म्हणाली सगळे पहिल्या वेळी असंच करतात.

लिफ्ट पण सांगायलाच पाहिजे. बटणं हाताशी आहेतच, पण खाली पायाशी पण मोठी बटणं आहेत, म्हणजे हात चालत नाहीत त्यांनी फूटरेस्टनं धक्का द्यायचा. दोन्ही बाजूंनी दारं, आत जाऊन खुर्ची वळवत बसायला नको, सरळ पुढं बाहेर. आमच्या इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मला रिव्हर्समध्येच घालतात, पोत्यासारखं, त्यामुळं मी चौदा वर्षं लिफ्टची फक्त मागची भिंत बघितली आहे.

मी आधी ईमेल करून ठेवला होता की इंडियातून येतेय, सर्व्हिस नकोय, फक्त बघायचंय आणि कुणाशी तरी बोलायचंय. रिसेप्शनला गेले. टेबल बुटकं, पलीकडचा माणूस पॉवर चेअरमध्ये, म्हणजे बॅटरीच्या खुर्चीत. माझं बोट सवयीनं वर आलं, आईकडं दाखवायला. आई होती साडेआठ हजार मैलांवर. त्यानं मला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? एवढंच. तुम्हाला काय पाहिजे. मला दोन मिनिटं उत्तरच सुचेना.

आता थोडा इतिहास, कंटाळा येणाऱ्यांनी खाली उडी मारा, पण मारू नका, भारी आहे. एड रॉबर्ट्स म्हणून एक माणूस होता. १९५३ मध्ये चौदा वर्षांचा असताना पोलिओ झाला, मानेखाली सगळं लुळं, श्वास पण मशीनवर. डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले होते की हा वाचला तर नुसता भाजीपाल्यासारखा पडून राहील. पुढं तो स्वतःच म्हणायचा की मग मी आर्टिचोक होईन, वरून काटेरी आणि आत मऊ. आमच्या कोकणातला असता तर फणस म्हणाला असता. शाळा संपताना त्याला पास करेनात, का तर पीटी आणि गाडी चालवायचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही! लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे त्या श्वासाच्या मशीनमध्ये, झोपणाऱ्या पोराला पीटीचे मार्क. त्याची आई भांडली, शेवटी पास केलं. मग १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात ॲडमिशन, तर हॉस्टेलची जमीन त्या मशीनचं वजन पेलणार नाही, साडेतीनशे किलोच्या वर होतं ते, म्हणून त्याला कॉलेजच्या दवाखान्याच्या एका भागात ठेवलं. त्याच्या मागून आणखी असेच विद्यार्थी आले, तिथंच राहायला लागले, रात्री सगळे खुर्च्या जवळ घेऊन गप्पा मारायचे, स्वतःला रोलिंग क्वाड्स म्हणायचे, क्वाड म्हणजे हातपाय दोन्ही लुळे असलेला. म्हणजे बघा, हा दवाखान्यातला वॉर्डच होता, पण त्यात सगळे आपलेच, आणि तिथून हे सगळं निघालं. आधी १९७० मध्ये विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठीचा प्रोग्रॅम, त्यात अटेंडंट शोधून देणं, बंद पडलेली खुर्ची रिपेअर करणं, जमिनीला लागून असलेलं घर शोधणं. मग गावातले लोक पण यायला लागले, आम्ही कॉलेजात नाही पण आमची खुर्ची पण बंद पडते, आणि १९७२ मध्ये सीआयएल सुरू झालं.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा वेगळाच आहे. रॉबर्ट्सला सांगितलेलं असायचं की पॉवर चेअर तुझ्या हातानं चालणार नाही. तो प्रेमात पडला. आणि खुर्ची ढकलायला अटेंडंट सोबत घेऊन प्रेम कसं करणार, म्हणून त्यानं ती कंट्रोलची दांडी उलटी फिरवून घेतली, हाताची जी थोडी हालचाल शिल्लक होती तेवढ्यावर जमवलं, आणि शिकला चालवायला. सोबत कोण आलंय या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मी ऐकलं नाही.

आणि ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानं त्याला आधी सांगितलं होतं की तू इतका अपंग आहेस की कधीच कामाला लागणार नाहीस, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला, अख्ख्या कॅलिफोर्नियाचा. त्या क्लार्कचं तोंड बघायला मिळायला पाहिजे होतं. १९९५ मध्ये वारला.

बरं, मुद्द्यावर येते. ही संस्था चांगली का आहे? बिल्डिंगमुळं नाही, बिल्डिंग पैशानं होते. अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातच लिहिलंय की ज्याला असं सेंटर म्हणून सरकारचा निधी पाहिजे, त्याच्या बोर्डावर निम्म्याहून जास्त लोक स्वतः अपंग असले पाहिजेत, स्टाफमध्ये पण तसंच, आणि निर्णय घेणाऱ्या जागांवर पण तसंच. एखादा शोभेचा चालत नाही. आपल्याकडं आपण खुर्ची म्हणतो ना, अमक्याला खुर्ची मिळाली, तमक्याची खुर्ची गेली, तर आमच्या अपंगांच्या बऱ्याच संस्थांत ज्यांच्याकडं खुर्ची असते ते वेगळे आणि जे खुर्चीवर बसतात ते वेगळे. इथं दोन्ही एकच.

फरक कसा पडतो सांगते. काही वर्षांपूर्वी ३ डिसेंबरला, अपंग दिनाला, एका संस्थेनं माझा सत्कार ठेवला होता, नाव सांगत नाही, माणसं मनानं वाईट नव्हती. स्टेजला पाच पायऱ्या. रॅम्प नाही. स्टेजवर सगळे चालणारे, खाली रांगेत आम्ही. शाल आणि नारळ द्यायला पाहुणे पायऱ्या उतरून खाली आले, टाळ्या पडल्या, पाहुण्यांच्या साधेपणाचं कौतुक झालं. हो, कौतुक त्यांचं! त्या मीटिंगमध्ये एक जरी व्हीलचेअरवाला असता तरी त्यानं पहिला प्रश्न स्टेजचा विचारला असता. दुष्टपणा नव्हता त्यात, कुणाच्या डोक्यातच आलं नाही एवढंच. आणि मग जेवणाला गेलो तर टॉयलेटचं दार चोवीस इंच. मी जेवलेच नाही, पाणी पण प्यायले नाही, घरी येईपर्यंत.

सीआयएलमध्ये मला एका बाईंशी बोलायला मिळालं, पिअर काउन्सेलर म्हणतात, म्हणजे डिग्रीवाला समुपदेशक नव्हे, आपल्यासारखाच, फक्त आपल्यापेक्षा चार पावसाळे जास्त बघितलेला. पन्नाशीच्या असतील, सी-६, म्हणजे मानेच्या मणक्याला इजा, बोटं चालत नाहीत, चहाचा मग दोन्ही तळव्यांत दाबून पीत होत्या. पहिला प्रश्न, लेव्हल काय, म्हणजे इजा कुठल्या मणक्याला? आपल्यात जसं गाव कुठलं विचारतात तसं. मग पाच मिनिटांत कॅथेटर किती तासांनी, प्रेशर रिलीफ, म्हणजे बसल्या जागचा दाब हलका करणं, कसा करतेस, रात्री कूस कोण बदलतं, एकदम घरगुती गप्पा. माझ्या चौदा वर्षांत कुठल्याही डॉक्टरशी इतकं मोकळं बोलले नव्हते. त्यांनी मला मॅन्युअल खुर्चीतून गाडीत ट्रान्सफर करायची एक युक्ती दाखवली, हात कुठं रोवायचा ते, मी सेहेचाळीस किलोची असून मला दोन माणसं उचलायची इतके दिवस.

मग त्यांनी विचारलं, घरी तुझी अटेंडंट कोण?

म्हटलं आई.

वय काय तिचं?

एकोणसत्तर.

पगार किती देतेस?

मला वाटलं इंग्लिश समजण्यात घोळ झाला. परत विचारलं त्यांनी, पगार किती, आणि तिची आठवड्याची सुट्टी कुठल्या दिवशी?

खरं सांगू, पहिल्यांदा राग आला. म्हटलं यांना काय कळणार आपली नाती, आईला कोण पगार देतं, आमच्याकडं असं नसतं. एक वाक्य इंग्लिशमध्ये जुळवत पण होते तसं. पण जुळवता जुळवता आठवलं की मागच्या गणपतीत आईला चिकनगुनिया झाला होता आणि ती सांधे धरून पहाटे उठून माझी लघवीची बॅग रिकामी करायला आली होती आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं. वाक्य तसंच राहिलं. त्या पण काही बोलल्या नाहीत, मगातला चहा संपवला.

कॅलिफोर्नियात अशी सिस्टीम आहे की उत्पन्न कमी असेल, सरकारी मेडिकल योजनेत बसत असाल, तर घरी मदतनीस ठेवायचे तास राज्य सरकार मंजूर करतं, महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास, म्हणजे दिवसाला साधारण साडेनऊ. पैसे सरकारचे, पण माणूस निवडायचा आपण, शिकवायचा आपण, पटलं नाही तर काढायचा पण आपण. घरातलं माणूस ठेवलं तरी त्याला पगार मिळतो, आईला पण. सीआयएल हे तास कसे मागायचे, नाकारले तर अपील कसं करायचं, इंटरव्ह्यूमध्ये अटेंडंटला काय विचारायचं, कामावरून काढताना भांडण न होता कसं बोलायचं, असलं शिकवतं. हो, कामावरून काढायचं पण ट्रेनिंग! त्या बाई म्हणाल्या, ज्याला अटेंडंट काढता येत नाही तो त्याच्या हातात अडकलेला असतो. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, ब्युरोचा माणूस त्यांना दुपारी चार वाजताच झोपवून निघून जायचा, काका दोन वर्षं गप्प, सोडून गेला तर काय या भीतीनं. मला तेच आठवत राहिले.

आणखी एक गंमत. १९९८ मध्ये बर्कलीच्या लोकांनी मतदान करून स्वतःवर एक जादा कर लावून घेतला, कशासाठी, तर अपंग माणसाचा अटेंडंट रात्री आला नाही किंवा खुर्ची रस्त्यात बंद पडली तर इमर्जन्सीला मदत पोचावी म्हणून. लोकांनी स्वतःहून घरपट्टी वाढवून घेतली म्हणायची! हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले तुला उन लागलंय.

आता अर्धा स्टार.

एक, इथं राहायची सोय नाही आणि असणार पण नाही. कायद्यानंच ही सेंटरं निवासी नसतात, वसतिगृह काढलं की ते सेंटर राहत नाही. विचार बरोबर आहे, माणसानं गावात राहावं, संस्थेत नाही. पण बर्कलीत घरभाडं इतकं वाढलंय की ऐकून डोळे पांढरे होतात, आणि रॅम्पवालं, परवडणारं घर मिळणं म्हणजे लॉटरीच. सीआयएल घर शोधायला मदत करतं, घर देत नाही. त्या बाई पण हे लपवत नव्हत्या. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर तंबूत राहणारे लोक मी बघितले, त्यांत एक व्हीलचेअरवाला होता. लाल रॅम्प डोक्यात असताना ते बघायला बरं वाटलं नाही.

दोन, अटेंडंटचा पगार फार नसतो, माणसं टिकत नाहीत, हे पण त्यांनीच सांगितलं. म्हणजे स्वातंत्र्य आपलं पण ते उभं आहे दुसऱ्या एका गरीब, बहुतेक बाहेरून आलेल्या बाईच्या कमी पगारावर. यावर उत्तर माझ्याकडं नाही, पण रिव्ह्यूत लिहिलं पाहिजे.

तीन, टूरिस्ट म्हणून गेलात तर सर्व्हिस मिळणार नाही, नुसत्या गप्पा आणि माहितीपत्रकं. ईमेल न करता जाऊन बसू नका, लोक कामात असतात.

आता कुणीतरी म्हणणारच की एवढं लांब कशाला गेलीस, आपल्या कोल्हापुरात काय कमी आहे. बरोबर आहे, आणि हे मला स्वतःलाच बोचलं. नसीमादीदी हुरजूक सोळाव्या वर्षापासून स्वतः पॅराप्लेजिक, कस्टम-एक्साइजमध्ये नोकरी केली, आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, उचगावचं घरोंदा वसतिगृह, सिंधुदुर्गातला काजूचा प्रकल्प. तेव्हा आपल्याकडं अपंगांसाठीचा कायदा पण नव्हता, पहिला आला १९९५ मध्ये. पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन नाहीतर टेलिफोन बूथ असं धरलेलं असताना एका व्हीलचेअरवरच्या बाईनं शाळा, हॉस्टेल, रोजगार सगळं चालवून दाखवलं, अध्यक्ष म्हणून. लै मोठी गोष्ट आहे ती आणि आम्ही कोल्हापूरकर ती दसरा चौकासारखी धरून चालतो, आहेच तिथं.

आणि हॉस्टेलचं म्हणाल तर बर्कलीचा नियम इथं जसाच्या तसा लावला असता तर राधानगरीच्या वाडीतली पोलिओ झालेली पोरगी शाळेतच गेली नसती. एसटीची पहिली पायरी तिच्या छातीएवढी, घरापासून रस्ता चिखलाचा, संडास लांब. तिला आधी हॉस्टेलच पाहिजे होतं. फक्त प्रश्न असा की पोरगी शिकली, कमवायला लागली, आता पुढं काय, ती गावात स्वतःच्या घरात कधी राहणार? २०१६ चा आपला दिव्यांग कायदा काढून बघा, कलम ५, समाजात राहण्याचा हक्क, कुणालाही ठराविक ठिकाणीच राहायची सक्ती नाही, आणि वैयक्तिक मदतनीसासकट मदतीच्या सोयी सरकारनं द्यायला प्रयत्न करायचे. सगळं लिहिलंय. मी ते पान प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय, वहिनींनी दिलेल्या गोल्डन गेटच्या मॅग्नेटखाली.

बोर्डावर निम्म्याहून जास्त आपले असण्याचा मुद्दा मला इथं जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण एकच अपंग माणूस वर असला की काय होतं, तो थकतो, किंवा त्याचा साहेब होतो, आणि त्याच्यानंतर कोण हा प्रश्न आला की परत चालणाऱ्यांकडं जातं सगळं. मी कुठल्या एका संस्थेबद्दल बोलत नाहीये. आमच्या व्हीलचेअर ग्रुपमध्ये एकशे वीस जण आहेत आणि ॲडमिन कोण, तर एकाचा मेहुणा. त्याला टायपिंग फास्ट येतं म्हणून! मी परत आल्यावर हे लिहिलं तर तीन जण ग्रुप सोडून गेले आणि मेहुण्यानं मला ॲडमिन केलं, आता दिवसभर गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करायचं काम माझ्याकडं.

बाकी प्रॅक्टिकल. फ्रीमाँटहून जाणार असाल तर रिचमंडकडची गाडी, ॲशबीला उतरा. पाण्याची बाटली बिनधास्त प्या, टॉयलेटला जागा भरपूर, मी पूर्ण गोल फिरून बघितलं. इंग्लिश फाडफाड पाहिजे असं नाही, माझं कोल्हापुरी इंग्लिश त्यांना कळलं. थंडी असते, मे-जूनमध्ये पण स्वेटर ठेवा, आपल्या पायांना थंडी कळत नाही हे विसरू नका.

परत आल्यावर आईसमोर पगाराचा विषय काढला. ती म्हणाली डोकं फिरलंय का तुझं, आणि उठून आत गेली, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत बाहेर आली नाही. मग म्हणाली, मला पगार नको, पण रविवारी मला माझ्या बहिणीकडं गडहिंग्लजला जायचंय, मुक्काम करायचाय. चौदा वर्षांत पहिल्यांदा मागितलं काहीतरी.

म्हणून बाई शोधायला लागलो. तिसरी आली ती बरी वाटली, दारातूनच आईला म्हणाली, ताईंचं काय काय करायला लागेल सांगा की काकी. आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. आईनं! मी खुर्ची पुढं घेतली, म्हटलं माझ्याशी बोला, काम माझं आहे. बर्कलीच्या बाईंनी सांगितलेले प्रश्न विचारले, आजारी पडलात तर किती आधी कळवणार, आधी कुणाचं केलंय, काय आवडलं नाही तिथलं. पगार ठरला, महिन्याला चार सुट्ट्या ठरल्या, मी चक्क कागदावर लिहून दोघींच्या सह्या घेतल्या, ती हसत होती पण केली सही.

पहिल्याच सोमवारी दांडी मारली. पण कळवून.